शेडखालचं पिवळं पाणी

औद्योगिक वसाहतीच्या कडेची जागा आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आम्हा दोघी सुनांच्या नावावर केली तेव्हा घरात कुणाला हसावं की रुसावं तेच कळेना. दोन्ही मुलगे समोर बसलेले. आबा चहा ओतत शांतपणे म्हणाले, "ह्या दोघांच्या नावावर केली तर उद्याच विकून मोकळे व्हतील. ह्या दोघी एकमेकींशी बोलत नायत. सहीला एकत्र यायच्या नायत. म्हणून जागा राहील."

आबांनी आम्हाला बरोबर ओळखलं होतं. माझी मोठी जाऊ, तिला मी ताई म्हणते, आणि मी एकाच घरात वरखाली राहायचो आणि बोलायचो ते पोरांमार्फत. कारण होतं पाणी. आमच्या भागात नळ आठवड्याला एकदा यायचा. पाइप एक, मोटारी दोन. जिची मोटार आधी सुरू होईल तिची टाकी भरायची, दुसरीच्या नळाला नुसता वारा. मग ताई बटणाजवळ स्टूल टाकून बसायची, म्हणून मीही बसायचे. एकदा दोघींनी एकदम बटण दाबलं आणि पाइपच फुटला. त्या दिवसापासून अबोला.

ती जागा म्हणजे आबांच्या शेताचा उरलेला तुकडा. शहर वाढत वाढत शेतापर्यंत आलं, वसाहतीचा रस्ता मधून गेला आणि रस्त्यापलीकडं एक लांबट पट्टी राहिली. त्यात पेरायला काही अर्थ नव्हता. आबांनी तिथं पत्र्याचं शेड घातलं आणि एका प्लेटिंगवाल्याला भाड्यानं दिलं. मोटारसायकलची हँडलं, नट, आरशाच्या दांड्या त्याच्याकडं यायच्या आणि चकाकून परत जायच्या. लग्नानंतर मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा तो वाफाळत्या टाकीतून एकेक हँडल वर काढत होता. मळकट लोखंड आत जायचं आणि आरसा होऊन बाहेर यायचं. मला तर जादूच वाटली. त्या टाक्यांमधलं पाणी पुढं कुठं जातं, हे मी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही.

पुढं मोठ्या कंपन्यांनी हे काम मोठ्या कारखान्यांना दिलं. त्याचं काम आटलं. तो सामान भरून सोयगावकडं आपल्या गावी गेला, शेड रिकामं पडलं, आणि वर्षभरात आबाही गेले.

मग पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला. शहरात जो तो बोअर मारत होता. बोअरची गाडी गल्लीत आली की लग्नाच्या वरातीसारखी गर्दी जमायची. आमच्या शेडच्या शेजारी एक नर्सरी होती. नर्सरीवाले काका सडपातळ, हळू आवाजात बोलणारे. गुलाबाशी जास्त बोलायचे, माणसांशी कमी. त्यांची जुनी विहीर कोरडी पडली म्हणून त्यांनीही खोल बोअर घेतला. पाणी लागलं. काकांनी पेढे वाटले. आम्हालाही आले.

दोन आठवड्यांनी काका आमच्या दारात उभे राहिले. हातात पाण्याची बाटली. त्यांनी आम्हा दोघींनाही बाहेर बोलावलं. बाटलीतलं पाणी पिवळंधमक होतं.

ताई म्हणाली, "कैरीचं पन्हं आणलंत का काका?"

"नाय ओ ताई," काका कसनुसं हसले. "माझ्या बोअरचं पाणी आहे हे. आधी बरं होतं, उपसा वाढला तसं पिवळं व्हायला लागलं. रोपं करपली सगळी. मला वाटतं... तुमच्या शेडकडून येतंय."

वाईट वाटत होतं त्यांनाच. मी बाटली हातात घेतली. वास नाही, गाळ नाही. इतकं सुंदर पिवळं की देवापुढं ठेवावं. ते विष आहे हे डोळ्यांना पटतच नव्हतं.

काकांनी तक्रार केली, आणि करायलाच हवी होती. प्रदूषण खात्याचे साहेब आले, बाटल्या भरून नेल्या. शेडच्या मागं त्यांनी फरशी फोडायला लावली. खाली दोन हातांवर मुरूम पोपटी झालेला. थोड्या दिवसांनी नोटीस आली, आम्हा दोघींच्या नावानं: जमिनीत प्लेटिंगचं क्रोमियम मुरलंय, जागा तुमची आहे, साफ करा आणि शेजाऱ्याला चांगलं पाणी पुरवा.

नोटीस वाचून माझे यजमान स्कूटरमध्ये हवा आहे का ते बघायला गेले. मोठे भावजी म्हणाले, "आपण कुठं काय केलंय? आपण तर फक्त भाडं घेतलं." आणि टीव्हीचा आवाज वाढवला. दोघंही सज्जन माणसं, पण सरकारी कागद दिसला की ससा होतात. त्या संध्याकाळी ताई जिना चढून वर आली. दारात उभी राहून म्हणाली, "वकिलाकडं जायचंय. येतीस का?" पोरांना मध्ये न घालता ती माझ्याशी बोलली होती. मी लगेच चप्पल घातली.

क्रांती चौकात एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या खोलीत एक तरुण वकीलबाई बसायच्या. जिन्यात इतकी गर्दी की आम्ही दोघी एका पायरीवर दाटीवाटीनं बसलो. आमचा नंबर आला तेव्हा ताईनं सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी विचारलं, "आम्ही तिथं हातसुद्धा बुडवला नाय. मग भुर्दंड आम्हाला का?"

वकीलबाई म्हणाल्या, "ज्यानं घाण केली त्यानं भरावं, असा नियम आहे. पण घाण तर जमिनीत आहे, आणि जमीन तुमची. सरकार आधी तुमचंच दार वाजवणार. तुम्ही प्लेटिंगवाल्याला शोधून आणा, म्हणजे त्यालाही यात ओढता येईल."

"आणि जागा विकून टाकली तर?" मी विचारलं.

"जागा जाईल, जबाबदारी मागं लागून येईल. लपवून विकलीत तर दुप्पट."

हे त्यांनी बजावलं ते बरंच झालं, कारण चारच दिवसांनी एक बिल्डर घरी आला. आजूबाजूला फ्लॅट उठत होते, त्याला आमची पट्टी हवी होती. नोटिशीचं त्याला ठाऊक होतं. तो सोफ्यावर ऐसपैस बसून म्हणाला, "वहिनी, टेन्शन कायको? वरून दहा फूट माती टाकतो. साफ करून घेतली म्हणून एक कागदही आणून देतो. कुणाला काय कळतंय?"

ताईनं त्याला विचारलं, "खाली पार्किंग करणार का घरं?"

"घरं. आणि पुढं छोटासा बगीचा, लहान पोरांना खेळायला."

ताई उठली आणि त्याच्यासमोरचा चहाचा कप उचलून आत घेऊन गेली. कप अर्धा भरलेला होता. "पोरं मातीत खेळत्यात, माती खात्यात," ती आतूनच म्हणाली. "या तुम्ही." बिल्डर माझ्याकडं बघायला लागला. मी दार उघडून दिलं.

प्लेटिंगवाल्याचं गाव आम्हाला माहीत होतं. त्याच्या मुलीच्या लग्नाला आबांना घेऊन आम्ही सगळे गेलो होतो. ताई आणि मी एसटीनं निघालो. सिल्लोड गेलं, अजिंठ्याचा घाट उतरला, फर्दापूरला गाडी बदलली. दोन्ही बाजूंनी रान उजाड, कपाशीच्या नुसत्या काड्या. वाटेत एका ठिकाणी रस्ताभर मेंढरं. मेंढपाळ चाऱ्यासाठी बिऱ्हाड पाठीवर टाकून निघालेले, घोड्यावर कोंबड्या आणि लहान पोर. ताईनं खिडकीतून हात काढून त्या पोराला बिस्किटाचा पुडा दिला आणि मग सगळा वेळ मला ऐकवत राहिली, "बोलायचं मी. तू नुसतं मान हलवायची. तू लई लवकर विरघळतीस."

प्लेटिंगवाला अंगणातच होता. पूर्वीचा दणकट माणूस बराच वाळलेला, पण आवाज तसाच मोठा. "आरं, शेठच्या सुना! या, या! अगं, भरीत टाक, पाहुणे आले!" आम्ही काही बोलायच्या आत त्याच्या बायकोनं चुलीत वांगी घातली.

ताई म्हणाली, "आधी बोलणं, मग जेवण," आणि पिशवीतून बाटली काढून ओट्यावर ठेवली. काकांच्या बोअरचं पाणी तिनं बरोबर आणलं होतं.

त्यानं बाटली उन्हात धरली. ओळखायला त्याला काहीच वेळ लागला नाही. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"हे माझंच हाये," तो म्हणाला.

ताई भांडायची तयारी करून आली होती. समोरचा तर पहिल्याच वाक्यात कबूल झाला. "मग... मग तुम्ही ते जमिनीत का सोडलं? नाल्यात का नाय सोडलं? म्हणजे नाल्यात पण नको, पण..."

"नाल्यातच सोडायचो ओ आधी," तो म्हणाला. "खाली वस्तीतली जनावरं त्या नाल्याचं पाणी प्यायची. शेठनी बघितलं. मला म्हणाले, गरिबाचं जनावर मरंल, हे बंद कर. आणि स्वतः माणसं लावून शेडमागं खड्डा घेतला. म्हणाले, ह्यात सोड, जमीन पिऊन टाकंल. लई चांगल्या मनानं केलं त्यांनी. मलाबी ते बरं वाटलं. जमिनीनं प्यालं की संपलं, असंच वाटायचं तवा."

ताई ओट्यावर बसली. आबा म्हणजे तिचा देव. तिचे वडील ती लहान असताना गेले. आबांनी तिला सुनेसारखं नाही, लेकीसारखंच वागवलं. आबांना तिच्याशी तुटक बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. आता त्या खड्ड्याची पहिली कुदळ आबांचीच होती हे तिला या अंगणात कळत होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही.

मग जेवलो. भरीत इतकं फर्मास होतं की एवढ्या दुःखातही ताईनं दुसरी भाकरी मागितली. निघताना प्लेटिंगवाला म्हणाला, "मी येतो सुनावणीच्या तारखेला. पण वहिनी, खड्ड्याचं मी सांगायचं का नाय, ते तुम्ही ठरवा. मेलेल्या माणसावर मी बोट ठेवणार नाय."

परतीच्या एसटीत घाट चढून झाल्यावर ताईनं खिडकी लावून घेतली. मग म्हणाली, "खड्ड्याचं नाय सांगितलं तर सगळं ह्याच्यावर जाईल."

"हो."

"सांगितलं तर आबांचं नाव येईल."

"हो."

"नुसतं हो हो काय करतीस? बोल की!"

"तूच म्हणालीस, मान हलवायची."

ती हसली. खरोखरची हसली, पुढच्या सीटवरच्या आजोबांनी वळून बघितलं एवढी. फुटलेल्या पाइपानंतर आम्ही पहिल्यांदाच एकत्र हसत होतो. हसता हसताच तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "आबा असते तर त्यांनी स्वतःच सांगितलं असतं. आपण सांगू."

प्रदूषण खात्यातल्या सुनावणीआधी वकीलबाईंनी आम्हाला बजावून ठेवलं होतं: विचारतील तेवढंच बोला. प्लेटिंगवाला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलेला. साहेबांनी विचारलं, "सांडपाणी कुणी सोडलं?"

"मी," तो म्हणाला.

"खड्डा आमच्या सासऱ्यांनी खणला," ताई उभी राहून म्हणाली. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "चांगल्या मनानं खणला, नाल्यावरची जनावरं वाचावीत म्हणून. पण खणला त्यांनीच. ह्या माणसावर सगळं टाकू नका."

"माझंही नाव घ्या," मागून काका म्हणाले, कुणी विचारलं नसताना. "मी उपसा फार केला. म्हणून तर ओढलं गेलं ते."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "इतकी वर्षं ह्या खुर्चीत बसतोय," ते म्हणाले. "इथं येणारा प्रत्येक माणूस दुसऱ्याकडं बोट दाखवतो. तुम्ही सगळे एकाच गावचे का?"

काकांना साहेबांनी हसूनच खाली बसवलं. त्यांचा काही दोष नव्हता. निकाल असा झाला की जागेची सफाई आम्ही आणि प्लेटिंगवाल्यानं मिळून करायची आणि ती होईपर्यंत नर्सरीला पाणी आम्ही द्यायचं. शेडचा लोखंडी सांगाडा आम्ही विकला. रस्त्यालगतचा तुकडा तपासणीत स्वच्छ निघाला, तो एका टायरवाल्याला विकला. प्लेटिंगवाल्यानं गोठ्यात जपून ठेवलेली मशीनं विकली. "परत सुरू करीन असं वाटायचं मला," तो म्हणाला, "बरं झालं, आता ते डोक्यातून गेलं."

त्या उन्हाळ्यात आमच्या घरी नळ दहा-दहा दिवस यायचा नाही आणि आम्ही टँकर विकत घेऊन काकांच्या गुलाबांना पाजत होतो. टँकरवाला दर वेळी विचारायचा, "मॅडम, घरपे नहीं चाहिए क्या?" घरी ताई आणि मी भांडी विसळलेलं पाणी बादलीत जमवून फरशी पुसायचो. दोन मोटारींपैकी एक आम्ही भंगारात दिली. पाणी आलं की दोन्ही टाक्या पाळीपाळीनं भरायच्या, आणि आपली पाळी येईपर्यंत बटणाजवळच्या स्टुलांवर बसून शेंगा सोलायच्या. काका दर टँकरला एक कुंडी द्यायचे. गच्चीवर जागा उरली नाही.

पावसाळ्याआधी खोदकाम झालं. तोंडाला फडकी बांधलेली माणसं, मोठं यंत्र, ताडपत्रीनं घट्ट झाकलेले ट्रक. पोपटी मुरूम निघतच होता. तो सगळा अशा घातक मातीसाठी बांधलेल्या बंदिस्त जागी पाठवला. प्लेटिंगवाला रोज खड्ड्याच्या काठावर उभा राहून बघायचा. ताईनं त्याला डबा नेऊन द्यायला सुरुवात केली. एकदा तो मला म्हणाला, "टाकीतून बाहेर आलेली हँडलं मी लई बघितली वहिनी. टाकीखाली काय चाललंय ते आज बघतोय." तळाशी चिकणमाती दाबून भरली, वर जाड काँक्रीट टाकलं. काकांच्या बाजूला एक बारीक बोअर घेऊन त्यातून पिवळं पाणी उपसून नेण्याची सोय केली. ते काम पुढं बराच काळ चाललं.

साहेबांनी सांगून ठेवलं: ह्या काँक्रीटला भोक पाडायचं नाही. पाया खणायचा नाही, बोअर नाही, भाजीपाला नाही.

"मग काय करायचं इथं?" मोठे भावजी म्हणाले. "नुसती बघत बसायची?" सुचवण्या पुष्कळ झाल्या. मंगल कार्यालय, पण त्याला पाया लागतो. पापड वाळवायला जागा, ही माझी. ताईनं माझ्याकडं नुसतं बघितलं.

उत्तर वकीलबाई घेऊन आल्या, त्यांच्याही ध्यानात न येता. त्या झालेलं काम बघायला आल्या त्या त्यांच्या भावाच्या मागं बसून. नवी कोरी स्कूटी होती, पण रस्त्यावर चालवायची भीती वाटते म्हणाल्या. "कोर्टात वाघीण, जालना रोडवर शेळी," असं भाऊ म्हणाला. त्यांनी ते गुळगुळीत, मोकळं काँक्रीट बघितलं आणि भावाला म्हणाल्या, "दे जरा." एक चक्कर मारली. मग दुसरी. मग पदर खोचून तिसरी, ओरडत. ताई कडेला उभी राहून बघत होती. "हेच," ती म्हणाली. "हेच करायचं."

तेव्हा शहरातल्या बायकांना स्कूटी हवी होती. वसाहतीत नोकऱ्या मिळत होत्या, शाळा लांब लांब गेल्या होत्या, आणि शिकायचं कुठं? गल्लीत पोरं, रस्त्यावर ट्रक. आम्ही दोन जुन्या स्कूट्या घेतल्या. एक शिकवणारी मुलगी ठेवली. काकांनी कडेनं कुंड्या लावून दिल्या. जमिनीत नाही, कुंड्यांतच. पहिल्या दिवशी सहा बायका आल्या आणि त्यांतल्या दोघी थेट कुंड्यांत गेल्या. काका धावत आले. आधी गुलाब बघितला, मग बाईला उठवलं.

आमच्याकडं नर्स शिकल्या, कंपनीत लागलेल्या मुली शिकल्या, एक सासू आणि तिची सून एकाच वेळी शिकल्या आणि एकमेकींना ओव्हरटेक करण्यावरून भांडल्या. साहेबांची बायकोही आली. साहेब कडेला उभे राहून सूचना देत होते, तिनं त्यांना घरी पाठवलं. काकांच्या बोअरचं पाणी वर्षागणिक फिकट होत गेलं. ज्या दिवशी तपासणीत ते रोपांना चालेल असं आलं, त्या दिवशी त्यांनी पुन्हा पेढे वाटले. पिण्याचं पाणी मात्र त्यांनी तिथलं कधी घेतलं नाही, आणि आम्ही घेऊही दिलं नसतं.

शिकायला सगळ्यात जास्त दिवस लागले ते ताईला. ती ब्रेक आणि आरडाओरडा एकदमच करायची. पण शिकली. लायसन मिळालं त्या रविवारी तिनं खाली उभं राहून हॉर्न वाजवला. "बस मागं. दौलताबादला जाऊ, पेरू आणायचे."

"ताई, वाटेत ट्रक असतात."

"असू देत. ते त्यांच्या रस्त्यानं, मी माझ्या."

मी दोन्ही हातांनी तिला घट्ट धरून बसले. छावणीपर्यंत मी डोळेच उघडले नाहीत. मग उघडले तर उजवीकडून एक एसटी आम्हाला ओलांडत होती, खिडकीतली बाई आमच्याकडं बघून हात करत होती, आणि ताई, जिला मी इतकी वर्षं जिन्यात टाळत आले, ती मोठ्यांदा मला विचारत होती, "अगं, आरशात काय दिसतंय बघ बरं मागं, मला बघायला भ्या वाटतंय!"